दीडच्या खाली

भट्टीतून निघालेलं हाड आधी रंगावरून ओळखायचं.
तपकिरी असलं तर कच्चं, पाण्याला वास मारेल.
पांढरंफटक झालं तर गेलं कामातून,
अति जळलेलं काहीच धरून ठेवत नाही.
हवं असतं काळं.
वर्कनेशबाईंनी हे शिकवलं तेव्हा मी तोंड मिटून हसलो.
आमच्या गावात सगळे तोंड मिटूनच हसतात.

झिवाय तळ्याच्या अलीकडे, कांद्याच्या शेतांमागे
जमिनीखालून येतं ते पाणी नितळ, किंचित कोमट,
चवीत काही खोट नाही.
फक्त पोरांचे दात किटलीच्या बुडासारखे होतात,
आणि चाळिशीपुढे मान वळत नाही.
हाक मारली की माणूस अख्खाच वळतो,
गाढवगाडी वळते तसा, जागा लागते त्याला.

लिटरमागे दीड मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं म्हणे.
शाळेच्या विहिरीत सहा पूर्णांक दोन,
हुसेन केदिरच्या बोअरला आठ,
चर्चच्या हापशाला नऊ पूर्णांक एक.
हा शेवटचा आकडा मी आठवडाभर खिशात ठेवून हिंडलो.

पाणी जोखायला आलेल्यांना गावाने आधी जोखलं.
हुसेन म्हणाला, हाडं कुणाची? कापलं कुणी? काय म्हणून कापलं?
मी कसाईखान्याची पावती दिली,
ती त्याने घडी घालून टोपीत ठेवली, परत दिली नाही.
अदे लोमी म्हणाली, पंचावन्न दिवसांचा उपास चाललाय,
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही,
आणि तू मला गाईच्या नळीतलं पाणी पाजतोस?
प्रश्नावलीत यासाठी रकाना नव्हता.
बाईंनी समासात लिहिलं, बारीक अक्षरात, आडवं.

आबा मलाकूंनी उत्तराला बारा दिवस लावले.
मग आले, पेला नाकाशी नेला, प्यायले,
मिशी पुसली.
"जळून गेलं त्याला मांस म्हणत नसावेत.
मला खात्री नाही.
तुम्ही प्या. चुकलं असेल तर माझ्या खात्यावर."

लोमी तरीही उपास सुटेपर्यंत थांबली.
मग त्या पाण्याची कॉफी केली, तीनदा उकळली,
म्हणाली, पातळ लागते.
आणि गाळलेलं पाणी फक्त नातीला ठेवलं, तान्ह्या सीफानला.
स्वतः हापशाचंच प्यायली शेवटपर्यंत.
माझी हाडं आता कुणाच्या अहवालाला हवीत, म्हणाली.

तिसऱ्या वर्षी पैसे संपले.
जीप गेली, बाई गेल्या,
डबे घरोघरी राहिले, आत दमलेली काळी खडी.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी दर महिन्याला मोजत होतो:
शून्य पूर्णांक चार. नऊ. मग एक पूर्णांक तीन.
दीड ओलांडलं त्या संध्याकाळी अदिसला फोन लावला,
तो वाजत राहिला.
अकरा महिने.
मग कुठलासा दुसरा निधी आला, दुसरा शिक्का,
आणि मी पुन्हा भट्टी पेटवली.

आता सीफान सहा वर्षांची आहे.
दुधाचा दात पडला, खालचा,
त्याच्या जागी नवा वर येतोय.
पहिल्यांदा टोक दिसलं, पांढरं, खवल्यासारखं.
लोमी असती तर कॉफी केली असती तीनदा उकळून.
मी रोज सकाळी तिला "आ" करायला लावतो,
ती रोज बोट चावायला बघते.

काल दात अजून थोडा वर आला.
पांढऱ्याच्या खाली एक रेघ आहे,
आडवी, फिकट तपकिरी, नखाने निघत नाही.
मी वही आणली नाही. मोजपट्टीही नाही.
मला ठाऊक आहे ती कुठून कुठपर्यंत जाईल.

रेघेखाली पुन्हा पांढरं निघेल, बहुतेक पावसाळ्यापर्यंत.
सीफानला यातलं काही माहीत नाही.
ती आरशाचा तुकडा घेऊन दारात उभी आहे,
ओठ वर करून, खाली करून,
तोंड उघडं ठेवून हसून बघतेय
कसं दिसतं ते.