गाडीचं तोंड रस्त्याकडं

हिवरदऱ्याच्या मैदानात शिरताना
कप्तान म्हणाला, "सुधाभाऊ, गाडीचं तोंड रस्त्याकडं ठेवजो."
मागच्या साली इथंच
आमच्या काचेतून गोटा आत आला होता.
त्या जागी अजून प्लॅस्टिक आहे,
वारा लागला की काहीतरी पुटपुटतं.

तोंड रस्त्याकडं ठेवलं.
किल्ली मुठीत.
अकरा पोरं उतरली, जर्सीवर स्वेटर चढवून,
टेप तसाच वाजत ठेवून.
राहिलो मी,
सावळखेड्याचा झाडून सगळा प्रेक्षक.

जागा मिळाली त्यांच्याच सतरंजीच्या काठावर.
"कोण्या गावचे बापा?" एकानं विचारलं.
"इकडलाच," म्हटलं.
नकाशावर पाहिलं तर खोटं नव्हतं.

माईकवाला रंगात आला होता :
"सावळखेड्याच्या पाहुण्यांसाठी पाणी शाळेच्या मागं आहे,
हरल्यावर रडाची जागा बी तिथंच आहे."
मैदान हसलं.
मलाही हसू फुटलं,
ते मी मफलरात कोंबलं.

मग अंकुश ढोके चढाईला गेला.
बोनस घेतला, एकाला शिवला,
रेषेवर परतला तो जवळजवळ झोपूनच.
माझे हात उठले, आणि आठवलं.
टाळी खिशात वाजली,
किल्लीवर, बारीक.

शेजारच्या म्हाताऱ्यानं ती ऐकली.
तुरीच्या उकडलेल्या शेंगांचा कागद माझ्याकडं सरकवला.
"खा. पोरगा चांगला हाय तुमचा,
पण डाव्या पायाले जपत नाही."
"आमचा?"
"मंग? गाडी उलटी तूच लावली ना बे."

शेवटची चढाई त्यांची होती.
एका गुणाचा फरक.
तीन पोरांनी मिळून तो घोटा धरला,
दम सुटला, शिट्टी झाली,
आणि एवढं गाव एकदम गप्प बसलं
की हॅलोजनवर किडे भाजतात ते ऐकू आलं.
जिंकण्याचा असा आवाज
मी पहिल्यांदाच ऐकला.

धावलो.
पोरं मागं चढली, ढाल ताडपत्रीत गुंडाळून.
किल्ली फिरवली.
चर्र.
पुन्हा फिरवली.
चर्र सुद्धा नाही.
टेपनं बॅटरी पिऊन टाकली होती,
आणि गर्दी आमच्याकडंच येत होती.

माईक खरखरला :
"कार्यकर्त्यांनी इकडं लक्ष द्यावं.
सावळखेड्याच्या गाडीले धक्का मारा,
यायले लवकर गावाबाहेर काढा!"

आले.
म्हातारा सगळ्यात पुढं.
हात लागले, पाठी लागल्या,
कोणीतरी प्लॅस्टिकवर थाप मारून म्हणालं,
"हे काच आमचीच हाय, ओळखली का?"
पोरं उतरायला लागली तर त्यांना दटावलं :
"बसा. पाहुणे व्हय तुमी."

पार नाल्यापर्यंत ढकललं आम्हाला.
चढाला दोघं घसरले, शिव्या दिल्या,
त्या आम्हाला होत्या की मुरमाला, कळलं नाही.
मग इंजिन खोकलं, धरलं.

आरशात पाहिलं :
कमरेवर हात, तोंडातून वाफा,
टाटा कोणी केला नाही.
फक्त एक आवाज मागून आला,
"डावा पाय!"

अर्ध्या वाटेवर पोरांना लघवी लागली.
थांबलो, पण इंजिन चालू ठेवून.

पुढच्या महिन्यात ते येणार आहेत आमच्याकडं.
कप्तान कालच विचारत होता,
त्यांची गाडी कुठं लावायला सांगू?
शाळेजवळ सांग, म्हटलं,
उतारावर.