नाव घालताना

नोव्हेंबरात उलानबातरच्या हवेला
कोळशाची चव असते.
हिमेनाने मफलर नाकावर ओढला, रायेनचाही,
आणि दोघी तिसरी शाळा बघायला निघाल्या.

पहिलीत पोहायचा तलाव होता, काचेखाली, कोमट.
बाहेर उणे बावीस.
हवा आम्ही गाळून घेतो, मिस हॅलोरन म्हणाल्या,
चहाबद्दल बोलावं तशा.
फी खाणीची कंपनी भरणार होती,
तरी हिमेनाने ती मनात पेसोंमध्ये मोजली:
कालामातलं आईचं घर,
वर एक जुनी गाडी.

दुसरी रशियन. जिना उंच, गणित त्याहून.
रायेन तिथे दोन वर्षं मागे निघाली.
बाईंनी ते सहज सांगितलं,
मुलीची उंची सांगावी तसं.

गोन्सालोचा फोन आला वाळवंटातून,
मागे डंपरची घरघर.
पहिलीच घे, म्हणाला. पुढची बदली कुठेही होवो,
पुस्तकं तीच राहतील. पान नंबरसुद्धा.
त्यात खोटं काही नव्हतं.

तिसरी शाळा त्यांच्याच इमारतीमागे,
शेजारच्या ओयुनची मुलं चालत जातात ती.
दाराशी कोट ठेवायच्या खोलीत
त्सेंदमा नावाची बाई बसली होती, मांडीवर कोटांचा ढीग,
एकेका कॉलरला आतून
लाल दोऱ्याने नाव शिवत.
तिने रायेनचा कोट मागून घेतला.
आम्ही नुसत्या बघायला आलोय, हिमेना खुणांनी म्हणाली.
बाईला खूण कळली नाही.
किंवा कळली.

पहिल्या शाळेत खुंट्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या,
शाई पुसता येणाऱ्या.
मुलं येतात, जातात, मिस हॅलोरन म्हणाल्या होत्या.
हे सोपं पडतं.

रात्री फॉर्म.
मातृभाषेला एक चौकोन. याआधीच्या शाळांना तीन ओळी.
कालामा, सोल्वेझी, पर्थ.
नाव घातलं, नाव काढलं,
नाव घातलं, नाव काढलं.
मुलीने नाव काढावं असं कुठल्या आईला वाटत नाही?
पण ते हे नव्हे.

फॉर्म उद्या दुपारपर्यंत द्यायचा होता.
तुला कुठली आवडली, हिमेनाने शेवटी विचारलं.
रायेन मोजा काढत होती, एक पाय हवेत.
म्हणाली, कुठली सोडताना कमी रडू येईल?
सोल्वेझीत चिलेशे होती.
म्हणून पर्थमध्ये मी कुणाशी दोस्तीच केली नाही.
ते बरं पडलं.

हिमेना उठली. उगाच दूध तापत ठेवलं.
उगाच दाराशी गेली, कोट झटकला, कॉलर उलटली.
आत एकच अक्षर, लाल,
पुढे सुई थांबलेली, दोरा लोंबत.

बघ, चुकलं त्या बाईचं, ती म्हणाली.
हा प आहे.

रायेन आली, अनवाणी, एका पायात मोजा.
बोट ठेवून तिने अक्षर तपासलं,
मग आईकडे पाहिलं,
अडाणी माणसाकडे पाहावं तसं, प्रेमाने.
प नाही तो, र आहे.
इथे र असाच काढतात.