बूच

टाकीला कारखान्यातूनच एक भोक पाडून ठेवलेलं असतं,
सव्वा इंची, आट्यांचं,
वर पितळी बूच.
बहुतेक घरांत ते कधी उघडतच नाही.

फळदेसाईंच्या न्हाणीमागे उकिडवा बसून
पान्याच्या दांड्याला पाइप जोडून
मी ते उघडत होतो
आणि शेवंताबाय विचारत होत्या,
आहे तो पंप बिघडला का रे, कुष्टा?

बिघडला नाही, बाय.
तो हवेतली ऊब गोळा करतो, पाण्यात ओततो.
विजेचं एक युनिट खातो आणि तीन युनिटांची ऊब देतो.
मग वरची दोन कुणाची?
हवेची.
आणि हवा बिल पाठवत नाही?

मे महिन्यात नाही, म्हटलं.
मेमध्ये यंत्राच्या गार फुंकरीसमोर
तुमचा टायगर चारी पाय पसरून झोपतो.
आता बघा, चुलीच्या राखेत आहे.

नेत्रावळीत जानेवारीच्या पहाटे
धुकं झाडांवरून उतरून अंगणात बसतं,
पारा चौदावर.
हवेच्याच गाठीला फार काही नसतं तेव्हा.
पंप घरघरतो, मागत राहतो,
पाच वाजता पाणी जेमतेम कोमट.

आणि पाच म्हणजे पाच.
एकतीस वर्षं सोयरूबाबांनी
कदंबची पहिली गाडी मडगावला नेली.
पाचला अंघोळ, पावणेसहाला स्टार्टर.
डावी बाजू गेली त्याला दीड वर्ष झालं,
पाच काही गेले नाहीत.

मुलगा कॅलगरीहून फोनवर दिसतो,
घरातच जाड स्वेटर घालून.
उणे तीसला आमचाही पंप हात टेकतो, म्हणतो,
मग कॉइल पेटते. महाग पडते, पण पेटते.
लाव रे कुष्टा, दोन किलोवॅटची,
पैशांचं बघू नकोस.
आणि आईला सांग, रात्रीची एक बाई ठेव म्हणून.
माझं ती ऐकत नाही.

मी पैशांचंच बघतो, माझा धंदा तो.
कॉइल एक खाते, एकच देते,
कुणाकडून काही आणत नाही, बाय,
जे काही ते स्वतः तापून.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.
कळलं, म्हणाल्या.
बाईचं मी काढलंच नाही.

वेगळी वायर ओढली, चार एमएमची,
वेगळा एमसीबी.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा, घागरभर पाणी.
थर्मोस्टॅटला बजावलं:
हवा सोळाच्या वर असेल तर कॉइलनं तोंड उघडायचं नाही.
आधी पंप. त्याला झेपेनासं झालं की ती.
न्हाणीच्या दारावर एक लाल दिवा,
मी छोटा आणला होता.
मोठा लाव, म्हणाल्या,
मदत कधी आली ते मला दिसायला हवं.

बूच मागून घेतलं,
चिंचेनं घासलं,
वातींच्या डब्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तपासायला गेलो.
साडेतेरा.
पंप घुमत होता, एकटाच,
बराच वेळ,
मग कॉन्टॅक्टरनं टक् केलं.

सोयरूबाब प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर टॉवेल, उघड्या छातीवर काटा.
समोर लाल दिवा लागला
आणि त्यांचा उजवा पाय
ओल्या लादीवर
हळूहळू, धक्का न देता,
पूर्ण दाबला गेला.

मी टेस्टर खिशात घातला.
थांबली गाडी, शेवंताबाय म्हणाल्या,
आणि पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून
पहिला तांब्या ओतला.