टेकायचं नसतंय

पहाटे साडेतीनला अप्पांच्या हातनं कप निसटला
असं आई सांगते. मला वाटतं चार वाजले असतील.
कप फुटला नाही. तोंड मात्र वाकडं झालं होतं,
आणि ते "काय न्हाई, काय न्हाई" म्हणायला बघत होते,
त्यातलं "न्हाई" तेवढं बाहेर पडत होतं.

मी फोन केला नाही कुणाला.
हे अजून कुठं बोललेले नाही मी.
अप्पा खुर्चीतून घसरत होते
आणि मी लोकांच्या झोपेचा हिशोब करत होते.
शेवटी आईनंच गॅलरीतून हाक मारली,
कुणाचं नाव न घेता, नुसतीच, "अवो, या की कुणीतरी!"
मंगळवार पेठेत चार दारं उघडली.

मग सीपीआरच्या जिन्याखाली बिऱ्हाड लागलं आमचं.
धैर्यशीलनं ऐन हंगामात उसाची ट्रॉली दुसऱ्याच्या हवाली केली,
रात्री त्याच्या.
इचलकरंजीच्या चुलत्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला.
अक्काताईनं पहिल्याच दिवशी पांढरा रस्सा पाठवला,
डॉक्टर ओरडले, तर म्हणाली,
"पेशंटला कुठं, तुमाला दिलाय. किती वाळलाय."
सुलभा बँक सुटली की यायची,
माझ्या पिशवीतले रिपोर्ट तारखेनं लावायची.
बोलायची नाही फारसं.
एकदा म्हणाली, "वैजू, केस धू. वास येतोय."
त्या दिवशी तिच्या बाथरूममध्ये, बादली भरेपर्यंत,
पहिल्यांदा रडले.

आणि दस्तगीरकाका.
पलीकडच्या पेठेचा सेंटर फॉरवर्ड, आता चपलांचं दुकान.
शहात्तर साली गोलात उभ्या अप्पांनी
त्यांची नडगी मोडली होती.
काका म्हणतात, मुद्दाम. अप्पा म्हणतात, बॉलवर गेलो होतो.
सत्तेचाळीस वर्षं हीच मॅच चालू आहे.
रक्त द्यायला आले, तर रक्तपेढीतली पोरगी म्हणाली,
"आजोबा, पासष्टच्या पुढं घेत नाही."
"मग ह्या म्हाताऱ्याला कसं देताय?" म्हणाले,
आणि बाकड्यावर बसले ते आठ दिवस.
वॉचमनशी भांडले, धैर्यशीलशी पार्किंगवरून भांडले,
मला दर तासाला "जेवलीस का" विचारून वीट आणला.
खरं सांगते, दोनदा वाटलं, यांना घरी जा म्हणावं.

नवव्या दिवशी अप्पांना उभं करायचं ठरलं.
अप्पा कुणाला हात लावू देईनात.
लहानपणी मैदानावर न्यायचे मला, सांगायचे,
"गोलकीपरनं खांबाला टेकायचं नसतंय.
टेकला की बॉल आत."
मी ते फुटबॉलपुरतं ऐकलं नव्हतं.
शाळेत, नोकरीत, लग्न मोडलं तेव्हासुद्धा
खांब हातभर लांब ठेवून उभी होते.

फिजिओवाला मुलगा घामाघूम झालेला.
दस्तगीरकाका उठले, लंगडत पलंगाशी आले,
खांदा पुढं केला.
"ये हिंदुराव. एका पायावर तोल सांभाळायची
सवय हाय मला, तुझ्याच कृपेनं."
अप्पांनी बघितलं त्यांच्याकडं. बराच वेळ.
मग सगळा भार टाकला, दोघंही हेलकावले,
आणि नऊ दिवसांतला पहिला धड शब्द आला:
"बॉल... बॉलवर."
"झूट," काका म्हणाले. खांदा काढला नाही.

परवा रात्री जाग आली. साडेतीनच वाजले होते.
अप्पा घोरत होते, एका बाजूनं, नव्या सुरात.
मी सुलभाचा नंबर लावला.
"काय झालं गं?"
"काय न्हाई."
"मग?"
"काय न्हाई."
"बरं," म्हणाली ती, आणि फोन ठेवला नाही.
तिच्याकडं पंखा कुरकुरत होता. तो ऐकत
मी भिंतीला पाठ लावून बसले.