समास

पहिल्या दिवशी बाईंनी वर्गात एक खुर्ची आणून ठेवली.
म्हणाल्या, खुर्ची काढू नका.
तिच्या पायांमधून जो उजेड पलीकडे जातोय, तो काढा.
आम्ही कापडगिरण्यांतली पोरं.
उजेड म्हणजे बापाची रात्रपाळी संपल्याची खूण,
तो काढतात कसा?
मी खुर्चीच काढली. बाईंनी ती खोडली नाही,
नुसता कागद उलटा करून ठेवला.

वूच शहरात तेव्हा बर्फसुद्धा काजळी घेऊन पडायचं.
तेओदोझ्या विल्चेक यांच्या खोलीत मात्र
भिंत पांढरी, किटली लाल,
आणि त्या स्वतः काळ्या डगल्यात,
कोपरावर खडूची भुकटी.

ट्रामचं तिकीट त्यांनी केलं होतं. कुणाला ठाऊक नाही.
थंडीत, चालत्या डब्यात, म्हाताऱ्या माणसाला वाचता यावा
म्हणून आकडा एवढा मोठा.
सतरा वेळा खिळे बदलायला लावले.
अठराव्यांदा जुळाऱ्याने टोपी टेबलावर आपटली,
आणि बदलले.

युद्धानंतर कचेरीतून माणूस आला:
कागदाची टंचाई आहे, समास कमी करा.
बाईंनी पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं.
धरा.
त्याचे दोन्ही अंगठे नेमके समासावर.
आता सांगा, हे कुठे ठेवायचे? अक्षरांवर?
तो हसला. मनापासून हसला.
समास कमी झालेच.
मग बाईंचे तास, मग नोकरी.

चार वर्षं त्या बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे रंगवत होत्या.
फक्त डावे. उजवे दुसरी कुणी रंगवायची.
"बरं असतं," एकदा म्हणाल्या,
"एकाच डोळ्याची जबाबदारी."
हे गमतीत होतं की नाही
मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या गेल्यावर खुर्ची माझ्याकडे आली.
एक पाय आखूड. त्याखाली चार घड्या घालून सरकवलेलं
ट्रामचं तिकीट.
उलगडून पाहिलं:
आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो.
घड्या होत्या तशा घातल्या, होतं तिथं ठेवलं.

दुपार कलली की
खुर्चीच्या पायांतून उजेड फरशीवर येतो.
पेन्सिल घेऊन बसतो मी.
अजून
खुर्चीच निघते.