काज

सहा वर्षं माझे कुर्ते फोंड्याहून पणजीला
माझ्याशिवायच जायचे,
ड्रायव्हरच्या पायाशी, गोणपाटाच्या पिशवीत,
वर झेल्माबाईंचा नंबर स्केचपेनने.
परवा फोनवर म्हणाल्या, कुमुद,
यंदा तूच घेऊन ये. दुकान बघून तरी जा.

म्हणून आज मांडीवर चौदा कुर्ते
आणि खिडकीची जागा.

उतरून चालत गेले खाडीच्या कडेने.
एक वळण घेतलं, आणि कुणीतरी
दोऱ्यांचा डबाच उपडा केलेला गल्लीत:
हळदीचा पिवळा,
तो निळा, जो बाजारात दोन रिळं मागितली तर एकच मिळतो,
आणि गेरू, ज्याला आमचा दुकानदार
विटकरी म्हणून गळ्यात मारतो.
घरांचे आकडे टाइलवर, फुलांच्या चौकटीत.
'इथे फोटो काढू नये' अशी पाटी,
तिच्याखाली दोन मुली फोटो काढतायत,
पाटीसकट.
आत शिंपल्यांच्या तावदानामागे
कुणी निवांत दाढी करतंय.

दुकान म्हणजे एक खोली.
एका दांडीवर फक्त पाच कुर्ते,
दोघांमध्ये वीतभर मोकळी जागा.
माझ्या घरी माणसंसुद्धा इतकी ऐसपैस झोपत नाहीत.
तिसरा माझा. गळ्याच्या वळणावरून ओळखला,
तोही ओळखीचं काही दाखवेना.
किमतीची चिठ्ठी उलटली: चार हजार दोनशे.
मला एकशे साठ, काजांसकट.
वजाबाकी सुरू केली आणि मध्येच सोडली,
कारण चिठ्ठीच्या मागे इंग्रजीत लिहिलं होतं:
हाताने, सावकाश शिवलेलं.
सावकाश!
वीज गेली की मोबाइल दातांत धरून
शिवलेलं, असं कोण लिहील.

झेल्माबाईंनी पैसे दिले, मोजून,
वर शेजारच्या कॅफेत कॉफी सांगितली.
खुर्च्या बालवाडीच्या मापाच्या.
कपात दुधाने काढलेलं पान,
इतकं नीट, की मी कप फिरवून
देठाच्या बाजूने प्यायले.
कॉफी चांगली होती. उगाच खोटं कशाला बोला.
उन्हाची एक तिरीप जमिनीवरच्या नक्षीत
चालत चालत माझ्या चपलेपर्यंत आली,
आणि मला कुठेच जायचं नव्हतं
पुढची वीस मिनिटं.

मग पलीकडच्या टेबलावर तो दिसला.
मार्चमधला, कोकमाच्या रंगाचा.
आत एक बाई, बोलण्यात गुंग.
डाव्या बाहीचं तिसरं काज:
त्या रात्री गॅस संपला होता,
मी शेवटची गाठ न मारताच उठले होते.
आता तिथे अर्ध्या बोटाचा दोरा,
आणि ती तो बोलता बोलता
तर्जनीभोवती गुंडाळतेय. सोडतेय. गुंडाळतेय.
ओढला, की गेलं.

मी उठले. एक मिनिट, म्हणाले,
आणि तिचं मनगट धरलं,
जशी सूनबाईला बांगड्या भरताना धरतात.
पर्समध्ये सुई असतेच. छोटी कात्रीही.
दोन टाके, आतून गाठ, कच्.
टेबलावरचे सगळे गप्प.

तुम्ही इथल्याच का? तिने विचारलं.
म्हटलं, बाहीपुरती.

परतीच्या शटलमध्ये मांडी रिकामी,
पर्समध्ये साखरेच्या दोन पुड्या.
पुढच्या खेपेला दोनशे सांगायचे, ठरवलं.
जुन्या गोव्याशी दोनशे वीस.
बाणस्तारीच्या पुलावर वारा आला, अडीचशे.
म्हार्दोळला सरळ तीनशे.
फोंड्याला उतरताना धक्काबुक्कीत
पुन्हा अडीचशेवर आले.
त्याखाली नाही.