पाठीमागची बाजू

माप घेताना मी चित्र आधी पालथं करतो.
समोरून सगळेच बघतात.
पाठ बघणारा मी, वास्कर फ्रेमवाला,
बेलापूर, दिवाळे गावच्या रस्त्याला,
बर्फाच्या कारखान्याला लागून.

नाव हिल्का. आमच्या तोंडात ते टिकलं नाही,
आठवड्याभरात हलकाबाई झालं.
सहा फूट उंच, नव्वद किलो. रिक्षात शिरताना
आधी पिशवी, मग छत्री, मग ती,
मग उरलेली ती.
नावाचा अर्थ कळला तेव्हा इतकी हसली
की आर्टिस्ट व्हिलेजातली कुत्री उठून बसली.

फिनलंडची. नवरा न्हावा-शेव्याला क्रेन बसवायला आलेला.
क्रेन बसली, तो गेला. ही राहिली.
का, ते मी विचारलं नाही.
होडी विकून मी लाकूड कापायला का बसलो
ते तिने तरी कुठे विचारलं होतं.

दर वर्षी परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात जायची,
टोकन घेऊन बाकावर लिहीत बसायची.
व्यवसायाच्या रकान्यात एकदा लिहिलं, लेखिका.
साहेबांनी खोडून गृहिणी केलं,
त्याने काम लवकर होतं म्हणाले.
चांगुलपणानेच म्हणाले.

चित्रं मात्र घ्यायची. जे कुणी घेणार नाही ते आधी.
मोहसिनचा पारसिक डोंगर, खाणीने अर्धा खाल्लेला.
कुंदा सोनटक्केच्या आठ पाट्या, आठही करड्या.
लीलाधर मढवीचं भाडं भरलं,
त्याच्या पोराच्या चष्म्याचे पैसे दिले.
‘उसने’ हा शब्द तिला यायचा, ‘परत’ यायचा नाही.
तो शिकवायचं आम्ही सगळ्यांनीच टाळलं.
मीसुद्धा. साडेचार हजार.

भिंती संपल्या. चित्रं पलंगाखाली गेली,
फ्रिजमागे, न्हाणीघराच्या माळ्यावर.
प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने चार-पाच ओळी,
तिच्या भाषेत, डोक्यावर दोन-दोन ठिपके घेतलेली अक्षरं.
मी वर प्लाय ठोकायचो.
खाडीची हवा वाईट.

एकदा विचारलं, बाई, तुमची पुस्तकं किती?
पाच.
इथे कुणी वाचली?
ती चहा ढवळत राहिली.
वाचा ना एखादं पान, म्हटलं, मी काम करत ऐकतो.
वाचलं. मला एकच शब्द कळला, बेलापूर.
दोनदा आला. दुसऱ्यांदा आवाज खाली गेला.
हातातली टेप मी उगाच ताणली, सोडली,
ती सर्रकन आत गेली.

मार्चमध्ये गेली, नेरुळच्या इस्पितळात.
सेक्टर आठच्या नाक्यावर फ्लेक्स लागला:
कलाकारांची माउली, हलकाबाई.
फोटोत तिचे डोळे मिटलेले होते.
लेखिका हा शब्द बसेल एवढी जागा खाली उरली होती.
मी मोजली. अडीच फूट.

भाची आली, आयनो, पाठीवर पिशवी टाकून.
सहा चित्रं घेतली, बाकीची दुकानात ठेवली,
म्हणाली, प्लाय काढा.
मोहसिनच्या डोंगराचा काढला.
तिने वाचलं, मोडक्या हिंदीत मला सांगितलं:
आज जेवला नाही. पैसे घेतले. चिडला आहे.
बरं झालं, चिडला की त्याची रेघ सरळ येते.
दुसऱ्यावर: वास्कर आला. बारा खिळे.
बस्स, एवढंच?
एवढंच, म्हणाली, आणि पुढे काही खोडलंय.

आता एक्केचाळीस उरलीत.
दुकान बंद केलं की रोज एकाचा प्लाय काढतो,
खिळे सरळ करून डब्यात टाकतो,
पाठीचा फोटो आयनोला पाठवतो.
बायको म्हणते, फुकटची कामं.
कधी लगेच उत्तर येतं, कधी दोन दिवसांनी.
परवाच्याचं आलं: पाऊस नाही, लाइट नाही,
कुंदाला राखाडीचे किती प्रकार माहीत आहेत.
कालच्याचं अजून नाही.
तिथे पहाट असेल,
नाहीतर शब्द अवघड असेल.